संप्रेरक, पारेषक आणि समीर

‘मांजराच्या पिल्लाच्या दृष्टिकेंद्रात गाबा, नॉरॲड्रेनलिन, ॲसिटिलकोलिन ही संप्रेरके हळूहळू विकसित होतात.’ या वाक्यातला ‘संप्रेरके’ बरोबर आहे का, असा प्रश्न आहे. (दृष्टिकेंद्र म्हणजे मेंदूचा डोळ्यांकडून आलेले संदेश हाताळणारा भाग; ही तिन्ही नावं तिथे काम करणाऱ्या रसायनांची.)

नाही. डोपामिन म्हणू नका, सिरोटोनिन म्हणू नका, दिसेल त्या रसायनाला संप्रेरक म्हणायची सवय लागली आहे आणि ती दर वेळी खटकते. रक्तातून दूर जातं ते संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन. चेतापेशीतून सुटून शेजारच्या पेशीला निरोप देतो तो चेतापारेषक. नॉरॲड्रेनलिन मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतून रक्तात आलं तर संप्रेरक, मेंदूत चेतातंतूतून सुटलं तर पारेषक. नाव वाटेवरून ठरतं, रेणूवरून नाही.

शब्द मात्र देखणा आहे! स्टार्लिंग या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १९०५ साली ‘हॉर्मोन’ रूढ केला तो ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. आपण त्यासाठी संस्कृत ‘ईर्’ धातू घेतला. त्याला ‘प्र’ लागून प्रेरणा, ‘सम्’ लागून समीर, म्हणजे वारा. संप्रेरक आणि समीर एकाच धातूची लेकरं आहेत.

म्हणूनच नॉरॲड्रेनलिन आणि ॲसिटिलकोलिन यांच्या मेंदूतल्या कामाला मी ‘समीरक’ सुचवतो. मेंदूच्या खोल भागातून आलेले तंतू ती दृष्टिकेंद्रात सोडतात आणि ती वाऱ्यासारखी पसरून एकदम अनेक पेशींना हलवतात. परिभाषावाले इथे ‘नियामक’ सुचवतात. ते मला साफ नामंजूर आहे. एरवी पिल्लाचा एक डोळा मिटलेला ठेवला की दृष्टिकेंद्रातल्या पेशींच्या जोडण्या बदलतात. बेअर आणि सिंगर या मेंदूशास्त्रज्ञांनी १९८६ साली मांजराच्या पिल्लांमध्ये या दोन्हींचा पुरवठा तोडला, तेव्हा एक डोळा मिटलेला ठेवूनही दृष्टिकेंद्रातल्या जोडण्या फारशा बदलल्या नाहीत. यातलं एकच तोडलं तर बदल होत राहिला. बदल घडू देणाऱ्याला नियामक कसं म्हणायचं?

गाबाला ‘निरोधक’, म्हणजे पेशीला गप्प करणारा, म्हणून मोकळं होणंही घाईचं आहे. कोवळ्या चेतापेशीत क्लोराइड जास्त असतं, त्यामुळे तिथे गाबा पेशीचा विद्युतदाब चढवतो. क्लोराइड बाहेर काढणारे पंप वाढले की मगच तो खरा निरोधक होतो. आणि हा निरोध पिकल्याशिवाय डोळ्यांच्या अनुभवाने मेंदू घडण्याचा काळ सुरूच होत नाही. गाबा बनवणाऱ्या एका विकराविना (एन्झाइमविना) जन्मलेल्या उंदरांत तो काळ आलाच नाही. गाबाचं काम वाढवणारं डायझेपाम हे औषध दिल्यावर आला.