कुकर, बोअरचे पाणी आणि न शिजणारी डाळ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात आम्ही घरातील प्रेशर कुकरविषयी प्रश्न मागवले होते. सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांमध्ये 'अमुक पदार्थाला किती शिट्ट्या कराव्यात' हाच प्रश्न सर्वाधिक वेळा आला आहे. त्याचे उत्तर पहिल्याच पत्राच्या निमित्ताने सविस्तर दिले आहे, कारण शिट्ट्या मोजण्याची सवय सुटल्याशिवाय पुढची बरीचशी उत्तरे उपयोगी पडणार नाहीत.

प्रश्न : ताई, पूर्वी आम्ही शहराच्या जुन्या भागात राहत होतो, तेव्हा तूरडाळ तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी शिजत असे. आता जुळे सोलापुरात राहायला आलो आहोत. नळाचे पाणी काही दिवसांआड येत असल्यामुळे स्वयंपाकालाही पुष्कळदा बोअरचे पाणी वापरावे लागते. हल्ली सात-आठ शिट्ट्या करूनही डाळ पाण्यापासून वेगळी राहते आणि रवीने घोटली तरी दाणे हाताला लागतात. कुकर जुना झाला आहे. नवा घ्यावा का? (गृहिणी, जुळे सोलापूर)

उत्तर : कुकर बदलण्याची घाई करू नका. आपल्या अडचणीचे निम्मे कारण आपण स्वतःच पत्रात लिहिले आहे. आपल्याकडच्या काळ्या खडकातून वर येणारे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिन नावाच्या द्रव्यामुळे. शिजताना हे पेक्टिन विरघळते आणि म्हणून डाळ मऊ होते. परंतु पाण्यातील कॅल्शियम पेक्टिनशी बांधले गेले की ते सहज विरघळत नाही, आणि मग आच कितीही वाढवली तरी दाणा आपला आकार सोडत नाही.

दोष पाण्याचा आहे की डाळीचा, हे घरच्या घरी तपासता येते. एकाच डब्यातील डाळ दोन लहान वाट्यांमध्ये सारखी घ्या, एकीत बोअरचे आणि दुसरीत गाळणयंत्राचे किंवा नळाचे पाणी सारख्या मापाने घाला, आणि दोन्ही वाट्या शेजारी शेजारी एकाच वेळी कुकरात लावा. झाकण उघडल्यावर प्रत्येकीतील चार दाणे बोटांच्या चिमटीत दाबून पाहा. एका वाटीतील दाणे विरघळले आणि दुसरीतील तसेच राहिले, तर पाणी दोषी. दोन्हींतील दाणे कडकच राहिले, तर डाळ जुनी आहे असे समजावे. आपल्याकडे वर्षाची डाळ एकदम भरून ठेवण्याची पद्धत आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. अशा उष्णतेत, त्यातही थोडी ओल लागली असेल, तर साठवलेली डाळ हळूहळू शिजण्याचा गुण गमावत जाते. ती भिजवली तरी पूर्वीसारखी शिजत नाही.

पाणी दोषी ठरल्यास डाळीपुरते तरी शुद्ध केलेले पाणी वापरावे. ते उपलब्ध नसेल तर बोअरचे पाणी पाच-दहा मिनिटे खळखळून उकळावे, थंड होऊ द्यावे आणि तळाशी बसलेला पांढरा गाळ न हलवता वरचे पाणी वापरावे. या उपायाने सगळा नसला तरी बराचसा जडपणा जातो. चिंच, आमसूल आणि टोमॅटो डाळ शिजल्यानंतरच घालावेत, कारण आंबटपणामुळेही पेक्टिन विरघळण्यास वेळ लागतो. मिठाला मात्र उगाच बोल लावला जातो. चवीपुरत्या मिठाने डाळ अडत नाही. खाण्याचा सोडा चिमूटभर घातल्यास डाळ लवकर शिजते हे खरे असले, तरी त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते, म्हणून रोजच्या डाळीत सोडा घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता शिट्ट्यांविषयी. उघड्या पातेल्यात सोलापूरच्या उंचीवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर, पाणी ९८ ते ९९ अंश सेल्सिअसला उकळते. कुकरच्या झाकणावरील वजनामुळे वाफ कोंडली जाते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोने वाढतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या जवळ पोहोचतो. दाब याहून वाढू लागला की वजन उचलले जाते आणि जादा वाफ बाहेर पडते, तीच शिट्टी. म्हणजे पहिल्या शिट्टीला आतले तापमान जेवढे असते तेवढेच आठव्या शिट्टीलाही असते, आणि मधल्या काळात फक्त पाणी आणि गॅस खर्च होतो. मोठ्या आचेवर आठ शिट्ट्या चार-पाच मिनिटांत होऊन जातात, तर बारीक आचेवर दहा मिनिटांत एकही होत नाही. डाळीला मात्र ती दहा मिनिटेच हवी असतात. म्हणून पहिली शिट्टी झाली की आच अगदी मंद करा, घड्याळ पाहा आणि अर्धा तास भिजवलेल्या तूरडाळीला थेट कुकरात आठ ते दहा मिनिटे, तर डब्यात बारा ते पंधरा मिनिटे द्या. त्यानंतर गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्यावी. त्या दहा मिनिटांतही डाळ शिजतच असते, आणि घाईने वजन उचलणाऱ्या घरांत नेमका तोच वेळ वाया जातो.

प्रश्न : आमच्या कुकरची शिट्टी होत नाही, झाकणाच्या कडेने वाफ जाते आणि पाण्याचे थेंब शेगडीवर गळतात. सासूबाई रिंग फ्रीजमध्ये ठेवून मग बसवतात. हे योग्य आहे का? (वाचक, अशोक चौक, सोलापूर)

उत्तर : थंड केलेली रिंग एखाद्या दिवसापुरती साथ देते, परंतु ती कडक झाली आहे किंवा सैल पडली आहे याचीच ती खूण आहे. रिंग हातात घेऊन हलकेच वाकवून पाहा. बारीक चिरा दिसल्या किंवा ती पूर्वीसारखी लवत नसेल, तर त्याच कंपनीची आणि त्याच मापाची नवी रिंग आणावी. रोज वापर असलेल्या घरात वर्षाकाठी रिंग बदलणे योग्य ठरते. ती प्रत्येक वेळी झाकणातून काढून धुवावी, आणि कुकर ठेवून देताना झाकण घट्ट न लावता उलटे ठेवावे, म्हणजे रबर दाबून राहत नाही. नवी रिंग बसवूनही वाफ जात असेल तर कुकरच्या कडेवरून बोट फिरवून पाहा. आमटी ढवळून झाल्यावर डाव कडेवर आपटून झटकण्याची सवय पुष्कळ घरांत असते. त्याने कड चेपते आणि तिथून वाफ निसटू लागते.

प्रश्न : कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. दुरुस्ती करणाऱ्याने त्या जागी बोल्ट आणि वायसर घट्ट बसवून दिला आणि 'आता पुन्हा कधी उडणार नाही' असे सांगितले. कुकर उत्तम चालतो आहे, पण मनात शंका आहे. (वाचक, बार्शी)

उत्तर : असा कुकर आजपासून गॅसवर ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तो पुन्हा कधी उडणार नाही, हीच तर त्यातली धोक्याची गोष्ट आहे. सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये कमी उष्णतेला वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. कुकरातले पाणी आटले किंवा वाफेची नळी तुंबली आणि उष्णता मर्यादेबाहेर गेली, की हा धातू वितळतो व वाफेला वाट मिळते. ती वाट बोल्टने बंद केल्यावर वाढणारा दाब झाकणावर येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ यांनी १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दाबाखाली अन्न शिजवणारे आपले भांडे मांडले. भांडे फुटू नये म्हणून त्याला सुरक्षा झडप देण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. इतक्या आधी ओळखलेला धोका आपण एका बोल्टने घरात परत आणू नये.

त्याच कंपनीचा, त्याच प्रकारचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. नवा कुकर घ्यायचा झाल्यास त्यावर आय.एस.आय. चिन्ह आणि आय.एस. २३४७ हा क्रमांक पाहूनच घ्यावा. घरगुती कुकरसाठी हे मानक २०२१ पासून बंधनकारक आहे.

त्याबरोबरच व्हॉल्व्ह का उडाला याचाही शोध घ्यायला हवा, नाहीतर नवाही उडेल. वजन ज्या नळीवर बसते ती नळी प्रत्येक वेळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहावे. डाळीचे एखादे साल किंवा जिऱ्याचा दाणा तिथे अडकून बसतो. बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरात आधी नळीतून सलग वाफ येऊ द्यावी आणि मगच वजन ठेवावे, म्हणजे नळी मोकळी असल्याची खात्री होते आणि आतली हवाही निघून जाते. कुकर दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये, आणि डाळ-तांदळासारखे फेसाळणारे किंवा फुगणारे पदार्थ असतील तर निम्म्यावरच थांबावे. झाकण उघडण्यापूर्वी वजन चमच्याने हलकेच उचलून पाहावे. आत बसणारे झाकण दाब असेपर्यंत वाफेमुळेच घट्ट धरलेले असते, पण बाहेरचे झाकण जोर लावून फिरवता येऊ शकते; म्हणून अशा कुकरशी बळजबरी करू नये.

प्रश्न : आमच्याकडे वेळ अमावास्येला शेतात पंगत असते. भज्जी मोठ्या प्रमाणावर करावी लागते. ओल्या तुरीचे, पावट्याचे, वाटाण्याचे दाणे, चुका आणि बेसन असे सगळे एकदम कुकरात घालून चालेल का? मागच्या वर्षी तळाला लागून सगळी भज्जी करपली. (वाचक, अक्कलकोट तालुका)

उत्तर : सगळे एकदम घालू नका, विशेषतः बेसन तर झाकणाखाली कधीच जाऊ नये. बेसनाचे पाणी तापल्यावर दाट होते, जड होऊन तळाशी बसते आणि तिथेच करपते. शिवाय फेसाबरोबर वर आले तर वाफेची नळी लिंपून टाकते. येसर, शेंगदाण्याचा कूट, ज्वारीचे पीठ या सर्वांना हाच नियम लागू आहे, म्हणून मटणाच्या किंवा येसर आमटीच्या बाबतीतही दाटपणा आणणारे जिन्नस झाकण उघडल्यानंतरच घालावेत.

भज्जीसाठी ओले दाणे थोडे मीठ, हळद आणि चमचाभर तेल घालून शिजवा. तेलामुळे फेस कमी होतो. ओले दाणे असल्यामुळे पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर तीन-चार मिनिटे पुरेशी आहेत, अधिक वेळ ठेवल्यास त्यांचा लगदा होईल. चुका आंबट असतो, त्यामुळे तो सुरुवातीलाच पडला तर दाणे कच्चे राहतात. दाणे शिजल्यावर तो चिरून घालावा. नंतर उघड्या पातेल्यात सगळे एकत्र करून, बेसन थंड पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवून, बारीक धारेने ओतत आणि सतत ढवळत शिजवावे. हे शेवटचे काम शेतातल्या चुलीवर मोठ्या पातेल्यातच चांगले होते. घरून फक्त दाणे शिजवून नेले तरी निम्मा वेळ वाचेल, आणि भज्जीला चुलीची चव येईल ती वेगळीच.

सुके कडधान्य वापरणार असाल तर थंडीत रात्रभर भिजवणे ठीक आहे. उन्हाळ्यात मात्र सोलापूरच्या हवेत सहा तासांतच त्याला आंबूस वास येऊ लागतो. तेव्हा पाणी मध्ये एकदा बदलावे किंवा भांडे फ्रीजमध्ये ठेवावे.

प्रश्न : कुकरमध्ये अन्नातील सत्त्व मरते असे घरातील वडीलधारी माणसे म्हणतात. त्यात तथ्य आहे का? (वाचक, पंढरपूर)

उत्तर : कोणत्याही पद्धतीने शिजवले तरी उष्णतेने क जीवनसत्त्व आणि काही ब जीवनसत्त्वे कमी होतातच. कुकरात तापमान अधिक असते, पण वेळ कमी लागतो आणि पाणीही थोडेच लागते, त्यामुळे उघड्या पातेल्यात दीर्घकाळ उकळण्याच्या तुलनेत नुकसान जास्त होते असे म्हणता येत नाही. खरे नुकसान होते ते भाज्या शिजवून पाणी ओतून देण्यात. ते पाणी आमटीत किंवा भाकरीच्या पिठात वापरावे. कडधान्यांतील पचनाला अडथळा आणणारे काही घटक उष्णतेने निष्प्रभ होतात, हा कुकरचा फायदाच आहे. राजमा मात्र अपवाद म्हणून लक्षात ठेवावा : त्याचे भिजवलेले पाणी फेकून द्यावे आणि तो अर्धाकच्चा कधीही खाऊ नये, कारण त्यातील लेक्टिनमुळे उलट्या-जुलाब होतात.

प्रश्न : नोकरीसाठी एकटा राहतो. डब्यांत वरण-भात लावतो. ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडला आहे. सोड्याने घासूनही डाग जात नाहीत. (वाचक, विजापूर रस्ता, सोलापूर)

उत्तर : सोडा लगेच थांबवा, अल्कधर्मी पदार्थांनी ॲल्युमिनियम अधिकच काळवंडते. डबे लावताना तळाला नुसतेच पाणी उकळत राहते आणि पाण्यातील क्षारांमुळे हा काळेपणा येतो. तळाच्या पाण्यात चिंचेचे एक बुटूक किंवा पिळलेल्या लिंबाची साल टाकावी. ते पाणी डब्यांबाहेर राहत असल्यामुळे वरणाच्या शिजण्यावर परिणाम होत नाही. आधीचा डाग काढण्यासाठी काळ्या रेषेच्या वर येईल इतके पाणी घेऊन त्यात चिंच घालावी आणि झाकण न लावता दहा मिनिटे उकळावे, नंतर साध्या घासणीने घासावे. थेट कुकरातच आमटी करत असाल तर ती त्यात रात्रभर ठेवू नका. आंबट पदार्थ स्टीलच्या भांड्यात काढून ठेवावेत.