मे महिन्यात एडिटिंगचा संगणक बंद पडतो, नवे ग्राफिक्स कार्ड घ्यावे का?

तुम्ही लिहिले आहे की, नागपुरात लग्नाच्या चित्रीकरणाचे एडिटिंग करणारा तुमचा संगणक एप्रिलपासून दुपारच्या वेळी एक्स्पोर्ट चालू असताना एकदम बंद पडतो, नव्या कॅमेऱ्याचे फोर-के फुटेज टाइमलाइनवर अडखळते, आणि दुकानदाराने दोन्हींवर मोठे ग्राफिक्स कार्ड हा एकच उपाय सांगितला आहे. संगणकात आय-फाइव्ह १२४००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६५० कार्ड असून खर्चासाठी ४५ हजार रुपये आहेत. माझे स्पष्ट मत असे की, कार्ड आत्ता घेऊ नका. हे दोन वेगळे बिघाड आहेत. मोठ्या कार्डाने पहिला जाणार नाही आणि दुसराही बहुधा जाणार नाही. हे मी स्वतःच्या खिशाला चाट लावून शिकलो आहे, कारण काही वर्षांपूर्वी माझाही संगणक ऐन मे महिन्यात असाच बंद पडू लागला, मी सीताबर्डीतून नवे कार्ड आणून बसवले, आणि तिसऱ्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमारास तो पुन्हा बंद पडला.

आधी बंद पडण्याचे पाहू. प्रोसेसर तापला की तो लगेच बंद पडत नाही. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे आणि तिथे पोहोचल्यावर तो आपला वेग आपणच कमी करतो, म्हणजे एक्स्पोर्टला वीस मिनिटांऐवजी पस्तीस मिनिटे लागतात, पण काम पूर्ण होते. निळा पडदा येऊन संगणक पुन्हा सुरू होत असेल, तर संशय रॅम किंवा ड्रायव्हरवर घ्यावा. कोणीतरी प्लग उपटावा तसा तो क्षणात काळा होत असेल, तर मात्र पहिला संशय वीजपुरवठ्यावर, म्हणजे यूपीएस आणि एसएमपीएस (कॅबिनेटमधला, सगळ्या भागांना वीज देणारा डबा) यांच्यावर घ्यायला हवा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसेल, पण तिच्यावरून फार काही काढू नका, कारण संगणक नीट बंद झाला नव्हता एवढेच ती सांगते.

तुमच्या लिहिण्यात मला ‘दुपारी’ हा शब्द महत्त्वाचा वाटला. आपल्याकडे पारा ४५च्या आसपास जातो तेव्हा वस्तीतले सगळे कूलर आणि एसी एकाच वेळी चालू असतात, व्होल्टेज खाली येते आणि यूपीएस तुमच्या नकळत पुन:पुन्हा बॅटरीवर जातो. ती बॅटरी दोन-तीन उन्हाळे काढलेली असेल, तर उष्णतेने तिची ताकद आधीच गेलेली असते; रिकाम्या बसलेल्या संगणकाचा भार ती पेलते, पण एक्स्पोर्टचा भार आला की मान टाकते. शिवाय साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमधून साधारण ३६० वॉटच मिळतात आणि त्यावरच दोन मॉनिटर, स्पीकर आणि राउटरही लावलेले असतात. माझ्या बाबतीत दोषी हाच निघाला होता. त्याची चाचणी फुकट होते: सगळे प्रोजेक्ट जतन करून संगणक बंद करा, यूपीएस वगळून तो थेट भिंतीच्या सॉकेटवर लावा आणि ऐन दुपारी तोच एक्स्पोर्ट दोनदा चालवा. दोन्ही वेळा तो पार पडला, तर यूपीएसची बॅटरी बदला. जमत असल्यास १००० व्हीएचा शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस घ्या, कारण काही चांगल्या एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर मानवत नाही आणि बॅटरीवर जाण्याच्या क्षणी ते बंद पडतात. थेट सॉकेटवरही संगणक बंद पडला, तर एसएमपीएस बदलावा आणि त्याच फेरीत इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

उष्णतेचा प्रश्न याहून वेगळा आहे, पण तो आहेच. हीटसिंक प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. ती फक्त दोघांमधले अंतर राखते. डिसेंबरात खोली २४ अंशांवर असताना जो प्रोसेसर ७८ वर चालत होता, तो खोली ४० अंशांवर गेल्यावर त्याच कामासाठी ९४च्या आसपास जाणार, मग त्यात काही बिघडलेले नसले तरी. एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम लावून एक्स्पोर्टच्या वेळचे आकडे लिहून ठेवा. त्यानंतर कॅबिनेट उघडा. माझे कॅबिनेट टेबलाच्या लाकडी कप्प्यात, कूलरच्या झोतासमोर होते, मी ते थंड राहावे म्हणून मुद्दाम तिथे ठेवले होते. पंखा काढला तेव्हा हीटसिंकच्या पात्यांवर धूळ आणि कूलरच्या खशीचे तंतू ओलाव्याने चिकटून नमद्यासारखा जाड थर बसलेला निघाला, जो ब्लोअरने हललाही नाही आणि चिमट्याने सलग उचलून काढावा लागला. कूलर खोलीत असू द्या, पण त्याचा झोत कॅबिनेटवर नको आणि कॅबिनेट कप्प्यात नको. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. पंखा काढलाच आहे तर थर्मल पेस्टही नवी लावा.

आता फुटेज अडखळण्याबद्दल. फायलीची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या प्रोग्राममध्ये नव्या कॅमेऱ्याची एखादी क्लिप उघडून पाहा. तिथे एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), १० बिट आणि ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारे प्रकार) असे दिसले, तर खरे कारण सापडले. जीटीएक्स १६५० या प्रकारचे फुटेज उलगडू शकत नाही. आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेतली महागडी कार्डेसुद्धा ४:२:२ उलगडत नाहीत, ती सोय एनव्हिडियाने २०२५ साली आलेल्या ५० मालिकेत दिली. त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर येतो. गंमत अशी की, इंटेलच्या प्रोसेसरमध्ये बसवलेले साधे ग्राफिक्स हे काम अकराव्या पिढीपासून सहज करते, फक्त तुमच्या प्रोसेसरच्या नावातल्या ‘एफ’चा अर्थच असा आहे की त्यात ते ग्राफिक्स नाही. विकत घेताना वाचवलेले थोडे पैसे इथे असे वसूल होतात.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर त्याच मदरबोर्डवर आय-फाइव्ह १२५०० बसवला असता आणि जुना प्रोसेसर विकला असता. साधा १२४०० ही चालेल, पण १२५०० मध्ये व्हिडिओ उलगडणारी इंजिने एकाऐवजी दोन आहेत आणि तीन कॅमेरे एकत्र लावल्यावर तो फरक जाणवतो. बसवल्यावर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, अंतर्गत ग्राफिक्स चालू करावे लागते, कारण वेगळे कार्ड असले की ते बहुधा आपोआप बंद होते. मग एडिटिंगसाठी प्रीमिअर वापरत असाल, तर त्याच्या मीडिया सेटिंगमध्ये इंटेलच्या हार्डवेअर डिकोडिंगची खूण करून प्रोग्राम पुन्हा सुरू करा. तोवर हातातले काम प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवून चालवा. रात्री प्रॉक्सी लावून झोपले की सकाळी टाइमलाइन मोकळी धावते. पाहुण्यांच्या मोबाइलवरच्या क्लिप घेत असाल, तर त्या आधी हँडब्रेक या रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममधून स्थिर फ्रेमरेटवर आणा, म्हणजे मंगलाष्टकांचा आवाज चित्राच्या मागे-पुढे होणार नाही.

रॅम ३२ जीबी करा, मात्र आत्ता १६ची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावा, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातले दोन्ही मार्ग वापरले जातील.

उरलेले पैसे साठवणुकीवर घाला. सेकंदाला १०० मेगाबिटच्या दराने एक तासाचे फुटेज ४५ जीबी होते, म्हणजे तीन कॅमेऱ्यांनी हळद, लग्न आणि स्वागत समारंभ मिळून चार-चार तास घेतले तर ५४० जीबी. हा दर साध्या हार्ड डिस्कलाही झेपतो, पण तीन फायली एकदम वाचताना तिची सुई इकडून तिकडे धावत राहते. म्हणून चालू प्रोजेक्ट एक टीबीच्या एनव्हीएमई एसएसडीवर ठेवा आणि झालेले काम दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर हलवा, ज्यांतली एक घरापासून दूर असेल. दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड फॉरमॅट करू नका.

इतके करूनही कलर ग्रेडिंग, नॉइज रिडक्शन किंवा जड इफेक्ट लावताना काम अडले, तर ग्राफिक्स कार्डाचा विचार जरूर करा. तेव्हा निदान ८ जीबी मेमरीचे घ्या आणि एसएमपीएसला त्या कार्डाची वेगळी वीजजोडणी आहे का, ते आधी पाहा, कारण १६५०ची बरीच कार्डे मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच वीज घेतात आणि तुमच्या एसएमपीएसला तशी केबल नसण्याची शक्यता आहे. सॉकेटवरच्या चाचणीचा निकाल आणि एचडब्ल्यूइन्फोचे आकडे इथे लिहा, एसएमपीएस किती वॉटचा घ्यायचा ते त्यावरून सांगता येईल.