कचऱ्याचा ‘निकाल’ लावायचा की त्यावर प्रक्रिया करायची?

बडोद्याच्या एका अनुवादक भगिनींनी एक वाक्य तपासायला पाठवले आहे. एका अभियांत्रिकी सल्लागार कंपनीची सूचना गुजराती, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत द्यायची आहे. त्यांचे मराठी वाक्य असे : ‘किरणोत्सर्गी कचऱ्याच्या निकालाचे केंद्र डिझाइननुसार बांधण्यासाठी अनुभवी इजारदारांकडून टेंडर काढण्यात येत आहे.’ इंग्रजी मूळात रेडिओॲक्टिव्ह वेस्ट ट्रीटमेंट फॅसिलिटीचे ‘डिझाइन अँड बिल्ड’ कंत्राट आहे. ‘हे मराठी चालेल का, आणि हिंदीतला उपचार हा शब्द घ्यावा का?’ असे त्यांनी विचारले आहे.

रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात हे वाक्य कुणालाही अडणार नाही. तरीही ते बदलायला हवे, आणि ते पुण्याच्या मराठीशी जुळवायचे म्हणून नव्हे. यातल्या तीन शब्दांमुळे कंत्राटदाराने नेमके काय करून द्यायचे तेच बदलते.

पहिला शब्द ‘निकाल’. गुजरातीत ‘कचरानो निकाल’ म्हणजे कचरा मार्गी लावणे, आणि बडोद्याच्या मराठीत तो सहज आला आहे. प्रमाण मराठीत निकाल न्यायालयाचा किंवा परीक्षेचा असतो, आणि ‘निकाल लावणे’ म्हणजे कायमचे संपवणे. किरणोत्सर्गी कचऱ्याच्या बाबतीत नेमके हेच होत नाही. जाळा, दाबा, आटवा, गाळा, अणुकेंद्राला त्याचा पत्ताही लागत नाही. सिझियम-१३७ चे अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा काळ) सुमारे ३० वर्षे, कोबाल्ट-६० चे सव्वापाच वर्षे, रुग्णालयात वापरतात त्या आयोडीन-१३१ चे ८ दिवस. हे आकडे कुठल्याही भट्टीने कमी होत नाहीत. दहा अर्धायुष्ये उलटली की सुमारे हजारावा भाग उरतो. म्हणून आयोडीनच्या वॉर्डातले पाणी टाकीत रोखून धरणे हा खरा मार्ग ठरतो. ८० दिवसांत ते हजारपट निवते. सिझियमला त्यासाठी ३०० वर्षे लागतील.

आता ‘निकाल’ऐवजी चटकन सुचेल तो शब्द ‘विल्हेवाट’. बहुतेक मराठी वृत्तपत्रे हाच शब्द वापरतात, आणि शब्द म्हणून तो उत्तम आहे. ‘विल्हेस लावणे’ म्हणजे व्यवस्था लावणे. मालमत्तेची विल्हेवाट म्हणतो तेव्हा तीच छटा असते. पण या क्षेत्रात डिस्पोजल या शब्दाची व्याख्या फार कडक आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या परिभाषेत परत काढण्याचा हेतू असेल तर ती साठवण, नसेल तर डिस्पोजल. पिंप तेच, खोलीही कदाचित तशीच, फरक हेतूचा. तेव्हा ‘विल्हेवाट’ हा शब्द या शेवटच्या टप्प्यासाठीच राखून ठेवावा. ट्रीटमेंटच्या जागी तो घातला, तर कंत्राटदाराने पुरण्याची जागा, तिथल्या भूजलाचा अभ्यास आणि पुढची अनेक वर्षांची देखरेखही द्यायची आहे असा अर्थ निघतो. निविदा भरणारा ती किंमत तरी लावील किंवा हा अर्थ नाकारील. वाद दोन्हीकडून ठरलेला. मात्र किरणोत्सर्गी कचऱ्याविषयीच्या १९८७ च्या भारतीय नियमांच्या नावातच ‘सेफ डिस्पोजल’ आहे, तिथे ते नाव जसेच्या तसे देवनागरीत द्यावे, सुधारू नये.

मग ट्रीटमेंटला काय म्हणावे? ‘उपचार’ नको. हिंदीत ‘अपशिष्ट उपचार’ रुळले आहे, पण मराठी कान उपचार म्हटले की दवाखान्याकडे वळतो, आणि या विषयात दवाखाना खरोखरच शेजारी उभा असतो. ‘किरणोत्सर्गी उपचार केंद्र’ वाचून कर्करोगाचा रुग्ण दारात आला तर दोष त्याचा नाही. ‘शुद्धीकरण’ पाण्यापुरते ठीक आहे, कारण जलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडते ते शुद्ध पाणीच हवे असते. इथे मात्र मागे उरणारा गाळ हाच मुख्य माल आहे, आणि ‘शुद्धीकरण’ म्हटले की नजर नेमकी त्याच्यावरून उडते.

उदाहरणाने पाहा. १,००० लिटर पाण्यात सिझियम आहे. तांब्याच्या फेरोसायनाइडचा साका बसवून ते ओढून घेतले, आणि पाण्यातले प्रमाण शंभरावा भाग झाले. साका निघाला ५० लिटर. म्हणजे ९९ टक्के सिझियम आता विसाव्या भागात कोंबलेले आहे आणि तो गाळ मूळ पाण्यापेक्षा लिटरमागे जवळजवळ २० पट तीव्र आहे. पाणी खरोखर निवळले, पण धोका कमी न होता फक्त एकवटला. हे सांगणारा तटस्थ शब्द ‘प्रक्रिया’ हाच आहे, आणि ‘सांडपाणी प्रक्रिया केंद्र’मुळे तो रुळलेलाही आहे. या उदाहरणातली दोन मापे दोन वेगवेगळी आश्वासने आहेत, म्हणून त्यांना वेगळी नावे हवीत : पाण्यासाठी ‘विसंदूषण गुणक’ (इथे १००) आणि घनफळासाठी ‘आकारमान-घट गुणक’ (इथे २०). नुसते ‘कार्यक्षमता’ लिहिले तर कंत्राटदार सोयीचे तेवढेच माप दाखवील.

एक अडचण मात्र खरी आहे. इंग्रजीत प्रोसेसिंग ही छत्री आणि ट्रीटमेंट तिच्या खालचा एक भाग. आधी प्रीट्रीटमेंट, मग ट्रीटमेंट, मग कंडिशनिंग. मराठीत प्रोसेसिंगही प्रक्रिया आणि ट्रीटमेंटही प्रक्रिया झाली तर व्याख्यांच्या पानावर गोंधळ उडतो. मी सुचवीन : छत्रीला ‘प्रक्रियामालिका’, आणि तिच्यात ‘पूर्वप्रक्रिया’, ‘प्रक्रिया’, ‘बंदिस्तीकरण’. पूर्वप्रक्रियेत गोळा करणे, वर्गवारी, तुकडे करणे, सामू जुळवणे. प्रक्रियेत आकारमान घटवणे, किरणोत्सर्गी घटक वेगळे काढणे किंवा रासायनिक रूप बदलणे. बंदिस्तीकरणात तो गाळ वा राख सिमेंटमध्ये किंवा काचेत बांधून, पिंपात भरून, वाहतुकीला व साठवणीला योग्य करणे. ‘बांधणी’ हा शब्द इथे फार गोड बसला असता, पण त्याच मजकुरात केंद्राचीही बांधणी आहे, म्हणून नाइलाज.

बंदिस्तीकरणावर थोडे थांबतो, कारण सर्वांत जास्त चुका याच टप्प्यावर होतात, कामातही आणि शब्दांतही. सिमेंट घट्ट होणे म्हणजे काम झाले असे नाही. गाळात बोरेट असेल तर सिमेंट सेट व्हायलाच उशीर लागतो. म्हणून चुना घालतात. आयन-विनिमय राळेचे (पाण्यातले किरणोत्सर्गी घटक धरून ठेवणाऱ्या राळेचे) मणी पाणी लागले की फुगतात आणि आतून ठोकळ्याला तडे देतात. म्हणून राळेचे प्रमाण मर्यादित ठेवावे लागते. आणि साध्या सिमेंटमधून सिझियम पाण्याबरोबर हळूहळू बाहेर येते. ते धरून ठेवायला व्हर्मिक्युलाइटसारखे खनिज मिसळतात. शेवटचा प्रकार मराठीत सरसकट ‘गळती’ होऊन बसतो. गळती टाकीची, व्हॉल्व्हची. ती जोड घट्ट केला की थांबते. अख्ख्या, न फुटलेल्या ठोकळ्यातून पदार्थ विरघळून निघतो ते ‘निक्षालन’. ‘गळती चाचणी’ लिहिली तर कंत्राटदार पिंपावर दाब देऊन दाखवील आणि ठोकळा पाण्यात बुडवून ठेवायची चाचणी राहूनच जाईल. निक्षालन शब्द जड वाटत असेल तर ‘विरघळून पाझरणे’ लिहा, पण गळती नको.

‘किरणोत्सर्गी’ आणि ‘किरणोत्सारी’ यांबद्दल फार वेळ घालवू नये. उत्सर्ग सृज् धातूपासून (सोडणे, बाहेर टाकणे), उत्सार सृ धातूपासून (सरकणे, दूर सारणे). दोन्ही चालतात. गुजरातीतही ‘किरणोत्सर्गी’ आहे, तेव्हा तुम्ही निवडलेलाच ठेवा, फक्त मजकूरभर एकच ठेवा. हिंदी ‘अपशिष्ट’ही नको, घनकचरा, ई-कचरा म्हणणाऱ्या भाषेला ‘कचरा’ पुरेसा आहे. मात्र द्रवाला सांडपाणी म्हणू नका, ‘द्रवरूप कचरा’ म्हणा. सांडण्याची कल्पना इथे नावातही नको. आणि उगमस्रोत, म्हणजे यंत्रातली सीलबंद कोबाल्टची कांडी, वापरातून गेली तरी तिला ‘भंगार’ म्हणू नका. दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली असे एक यंत्र भंगार म्हणून विकले गेले आणि एक माणूस दगावला. ‘वापरबाह्य स्रोत’ हे नाव लांब असले तरी तेच लिहा.

दुसरा अर्थ बदलणारा शब्द ‘डिझाइननुसार’. ‘डिझाइन अँड बिल्ड’मध्ये संकल्पनाची जबाबदारी कंत्राटदाराची असते. ‘डिझाइननुसार बांधणे’ म्हणजे दुसऱ्याने दिलेल्या नकाशाबरहुकूम बांधणे. भिंतीची जाडी किरणे अडवायला कमी पडली, तर तुमच्या वाक्याप्रमाणे दोष सल्लागाराचा ठरेल. मराठीत ‘संकल्पन व बांधकाम’ लिहावे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात ‘संकल्पचित्र’ हा शब्द रुळलेला आहे. ‘आराखडा’ हा प्राथमिक मांडणीपुरता ठेवावा.

तिसरा शब्द ‘इजारदार’. गुजरातच्या सरकारी कागदांत तो बांधकाम कंत्राटदारच आहे. मराठीत मात्र इजारा म्हटले की ठरावीक रक्कम भरून उत्पन्नाचा हक्क घेणे, असा जुना अर्थ डोळ्यांपुढे येतो. ‘मक्तेदार’ही त्याच वाटेने गेला, आज मक्तेदारी म्हणजे एकाधिकार. ‘ठेकेदार’ चालेल, मराठवाड्यात ‘गुत्तेदार’ म्हणतील, पण सर्वत्र एकाच अर्थाने वाचला जाणारा शब्द पोर्तुगीज काँत्रातोतून आलेला ‘कंत्राटदार’. शेजारच्या भाषांत एकच शब्द वेगळा अर्थ घेतो, ही अडचण बडोदे संस्थानाने फार आधी ओळखली होती. १९३१ साली निघालेल्या सयाजीशासनशब्दकल्पतरूत राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडले आहेत. तिन्ही पाठ तुम्हीच करणार असाल तर तसाच तीन रकान्यांचा तक्ता आधी करा आणि सगळी वाक्ये त्यावरूनच लिहा.

‘टेंडर काढणे’ बोलण्यात ठीक. लेखनात, सूचना देणारा निविदा ‘मागवतो’ आणि भरणारा ती ‘भरतो’. ‘निविदा’ म्हणजे भरणाऱ्याचा प्रस्ताव, जाहिरात म्हणजे ‘निविदा सूचना’. आधी फक्त पात्र कंपन्या शोधायच्या असतील तर ‘स्वारस्य अभिव्यक्ती’ आणि ‘पूर्वअर्हता’ हे वेगळे टप्पे आहेत. बयाणा रक्कम आणि सुरक्षा अनामत यांचीही अदलाबदल करू नका : बयाणा निविदेबरोबर येतो, अनामत काम मिळाल्यावर.

एवढे धरून वाक्य असे होईल : ‘किरणोत्सर्गी कचऱ्यावरील प्रक्रिया व बंदिस्तीकरण केंद्राचे संकल्पन, बांधकाम आणि कार्यान्वयन करून देण्यासाठी अनुभवी कंत्राटदारांकडून निविदा मागवण्यात येत आहेत.’ मूळात कंडिशनिंग नसेल तर ‘व बंदिस्तीकरण’ काढा, पण आधी कंपनीला विचारा; गाळ करून तो तसाच सोडणारे केंद्र सहसा कुणाला नको असते. कार्यान्वयन, म्हणजे केंद्र चालू करून देणे, हेही मीच जोडले आहे, तेही विचारूनच ठेवा. ठेवलेत तर आतल्या पानांवर ते दोन भागांत लिहा : आधी किरणोत्सर्ग नसलेले, त्याच रासायनिक मिश्रणाचे द्रावण फिरवून ‘निष्क्रिय चाचणी’, आणि नियामक मंडळाची संमती मिळाल्यावर खऱ्या कचऱ्यावर ‘सक्रिय चाचणी’. यांना इंग्रजीसारखे ‘थंड’ आणि ‘गरम’ म्हणू नका, वाचणारा तापमापक शोधील. पाइपातली चूक पहिल्या चाचणीत सापडली तर वेल्डर आत जाऊन पाइप कापू शकतो. दुसऱ्यानंतर तोच पाइप कापायचा तर आधी धुवावा लागतो, मोजावा लागतो, आणि कापलेला तुकडा स्वतःच कचऱ्याच्या यादीत जातो. त्याचा खर्च कोणी सोसायचा हे या दोन शब्दांमधल्या रेषेवर ठरते.