माटोळी व्हीआरमध्ये: शूट करू की थ्रीडीत बनवू?

चवथीची माटोळी (गणपतीवर टांगलेली फळा-पानांची चौकट) आणि घुमट (चामडं ताणलेलं मातीचं वाद्य) वाजवत केलेली आरती परदेशातल्या घरच्यांना डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटमध्ये दाखवायचीय, तर चहूबाजूंचं एकदम टिपणाऱ्या ३६० कॅमेऱ्याने शूट करू की ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवू, असं तुम्ही विचारलंय. फोंड्याच्या आमच्या घरात दोन्ही करून झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खरं कुठलं दिसतं हा प्रश्न नंतरचा. बघणारा पुढे वाकणार का, हे आधी ठरवा. ३६० व्हिडिओत मान वळते, पण जागा कॅमेऱ्याचीच राहते. मी कॅमेरा माटोळीच्या अगदी खाली ठेवला होता. मावशी हेडसेट घालून माटोळीतलं तोरिंजन (पपनसासारखं मोठं फळ) बघायला पुढे वाकली, तर अख्खी खोलीच तिच्याबरोबर पुढे सरकली. "घुंवळ येता रे!" (चक्कर येते रे) म्हणत तिने तो काढून ठेवला. शिवाय एक नारळ नेमका दोन लेन्सच्या जोडावर आलेला, शेंडी एकीकडे नि बूड भलतीकडे. दोन्ही लेन्स एका बिंदूत नसतात, म्हणून जवळची वस्तू नीट जुळत नाही. मीटरभर तरी अंतर सोडा.

कॅमेऱ्यावर ५.७के वाचून हुरळूनही जाऊ नका. ते ५७६० पिक्सेल पूर्ण वर्तुळाला वाटले जातात, समोरच्या ९० अंशांना १४४० येतात. सुपारीचा घड म्हणजे नुसता हिरवट गोळा.

थ्रीडीत मावशी खुशाल वाकेल, फिरेल. पण सेकंदाला ७२ फ्रेम धरल्या तरी दोन्ही डोळ्यांचं चित्र १४ मिलिसेकंदांच्या आत तयार व्हायला हवं. नारळ सोपा, आंब्याचे टाळे (पानांच्या डहाळ्या) जीव खातात. एकावर एक पडलेल्या पारदर्शक कडांच्या पानांपुढे हेडसेटमधली चिप धापा टाकते. घुमटवाला तर बनवायला जाऊच नका, चामड्यावर पडणारी ती बोटं बाहुल्याला जमत नाहीत.

मी असं करतो: आरती कॅमेऱ्याने, पण १८० अंशांच्या. मागच्या भिंतीत बघायचंय काय? सगळे पिक्सेल समोर येतात आणि शेजारी-शेजारच्या दोन लेन्समुळे जवळ-दूरचा खोलपणाही मिळतो. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवायचा आणि आरती संपेपर्यंत हलवायचा नाही.

माटोळी मात्र गॉसियन स्प्लॅटिंगने. २०२३ साली आलेली ही पद्धत फोटोंवरूनच जागा उभी करते, त्यामुळे थोडं वाकून बघता येतं, आणि पानं ब्लेंडरपेक्षा बरी येतात. पूजेआधी, घर रिकामं असताना, चहूबाजूंनी दोनेकशे फोटो काढा. आणि पंखा बंद! माझ्या पहिल्या प्रयत्नात तो चालू राहिला आणि टाळ्यांच्या जागी हिरवा धूर लटकत होता.