एबेर हे आडनाव आणि मारी रोले

प्रश्न : क्वेबेकमधील सर्व एबेर कुटुंबे मारी रोले हिची वंशज मानावीत का?

उत्तर : नाही, आडनावावरून वंश ठरवण्याची घाई इथेच फसते. पॅरिसची मारी पती लुई एबेर या औषधविक्रेत्यासह आणि तीन मुलांसह 1617 मध्ये क्वेबेकला आली. थोरली आन 1619 मध्ये बाळंतपणात दगावली, मुलगा गियोमचा पुरुषवंश लवकरच खुंटला. मात्र 1621 मध्ये गियोम कुयारशी विवाह केलेल्या गियमेतला दहा मुले झाली आणि मारीचा आजचा विस्तीर्ण वंश मुख्यतः या लेकीकडूनच, अर्थात इतर आडनावांखाली, पसरला. लुईच्या निधनानंतर मारीने 1629 मध्ये गियोम युबूशी पुनर्विवाह केला, त्यामुळे नोंदी वाचताना तीन गियोमांची गल्लत टाळावी.