शाळेत १० फेब्रुवारीला जंताची गोळी देणार आहेत, मुलीला काहीच त्रास नाही, तरी द्यावी का?

ताई, द्या.

तुम्ही लिहिलंय मुलगी ६ वर्षांची आहे, शौचात कधी जंत दिसले नाहीत, आणि सासूबाई म्हणतात गोड बंद कर, वावडिंगाचं पाणी दे, गोळी उष्ण पडते. त्यातलं ते "कधी दिसले नाहीत" वाचलं आणि राहवलं नाही. मी लॅब टेक्निशियन आहे. न दिसणारे जंत काय करतात ते मी आमच्या घरात बघितलंय, म्हणून जरा लांबण लागेल, वाचा.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. २००९ ला दादाचं लग्न झालं, वहिनी घाटावरच्या. माहेरी ज्वारी-ऊस, इथे आल्यावर भातशेती, म्हणजे जून-जुलैत दिवसभर अनवाणी चिखलात लावणी, आणि उरलेले महिने कलमांच्या बागेत अनवाणीच, पाला गोळा करा, काजू वेचा, सरपण आणा. आता ही बाग कशी, तर दाट सावली, खाली ओलसर माती आणि कुजका पाला, आणि सकाळी अर्धी वाडी तिथेच परसाकडे जायची. हे कोणाला वावगं वाटायचं नाही. लहानपणी मीही तिथेच गेलोय.

दुसऱ्या पावसाळ्यात वहिनींच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात भयंकर खाज सुटली. आई म्हणाली चिखल्या झाल्यात, हळद-तेल लाव. मग काही दिवस कोरडा खोकला, तोही गेला. त्यानंतर हळूहळू दम लागायला लागला. पऱ्यावरून कळशी घेऊन पाखाडी चढताना मध्ये तीनदा बसायच्या. दुपारी डोळा लागायचा, भांडी तशीच. तोंड पिवळट पांढरं. घरातले आणि वाडीतले सगळे एकच बोलायचे, घाटावरची पोरगी, अंगात आळस आहे, कोकणातलं काम झेपत नाही. आमचे चुलते तर माणसं बसलेली असताना म्हणाले की माहेरी लाडावून ठेवलेली दिसते. मीही गप्प बसलो, मनात मलाही तसंच वाटत होतं. जवळजवळ दोन वर्षं त्या बाईने आळशी हा शब्द ऐकला. मग एकदा आईला त्यांच्या पदराच्या गाठीत चुलीतली भाजकी माती सापडली. झालं, काकांनी निकाल दिला, माती खाते म्हणून पोटात जंत झाले आणि गूळ खाते म्हणून ते वाढले. गूळ बंद केला. डॉक्टरकडे एकदा नेलं होतं, त्यांनी टॉनिकची बाटली दिली, ना रक्त तपासलं ना शौच.

मी तेव्हा डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होतो आणि तालुक्याच्या गावात एका लॅबमध्ये शिकायला जायचो. गणपतीला घरी आलो, परत जाताना वहिनींना म्हटलं काडेपेटीत सॅम्पल द्या. त्या लाजून लाल झाल्या, "भावोजी, काहीतरीच काय" म्हणाल्या, पण सकाळी दिलं. पहिली एसटी पकडून लॅबला पोचलो, कारण शौच ताजंच बघावं लागतं, दिवसभर पडून राहिलं तर अंडी फुटून अळ्या बाहेर येतात आणि मग शिकणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो. स्लाइडवर सलाइनचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघितलं. लांबट गोल अंडी, कवच इतकं पातळ की पेन्सिलने हलकी रेघ ओढावी, आत चार-आठ पेशींचा पुंजका, मध्ये स्वच्छ मोकळी जागा. एका फील्डमध्ये नाही, जिथे सरकवावं तिथे. सरांना हाक मारली, त्यांनी एक डोळा लावला आणि म्हणाले, हुकवर्म, एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) केलंस का? दुसऱ्या दिवशी दादा वहिनींना घेऊन आला. एचबी ५.८.

मराठीत ह्याला अंकुशकृमी म्हणतात. मोठा झालेला जंत जेमतेम एक सेंटिमीटर, आतड्याला तोंडाने चिकटून रक्त पीत बसतो, शौचात पडतात फक्त अंडी. म्हणजे डोळ्यांनी दिसायचा प्रश्नच येत नाही. तुम्हाला जो दिसला असता तो गोल जंत, गांडुळासारखा, त्याची मादी दिवसाला दोनेक लाख अंडी घालते. पण तोही पोटात असून महिनोन् महिने दिसत नाही. अंकुशकृमीची जात आणि संख्या बघून नुकसान ठरतं, आपल्याकडे दक्षिणेत जी जात जास्त आढळते तिचा एक जंत दिवसाला साधारण ०.०३ मिली रक्त घेतो. ऐकायला काहीच नाही. पण शंभर जंत असले की दिवसाला ३ मिली, महिन्याला ९० मिली, आणि बाईची पाळी वेगळीच, आणि जेवणात भात आणि पिठी. दोन वर्षं हे चाललं तर ती बाई पाखाडी कशी चढणार?

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रकार होता. तिथली गरीब शेतकरी माणसं आळशी म्हणून बदनाम, आणि हा जंत सापडला तेव्हा पेपरांनी त्याला आळसाचा जंतू म्हटलं. १९०९ मध्ये रॉकफेलर ह्या तेलाच्या धंद्यातल्या धनाढ्याने दहा लाख डॉलर दिले आणि मोहीम सुरू झाली. हे मला नोकरीला लागल्यावर वाचायला मिळालं आणि पहिल्यांदा वहिनीच आठवल्या.

आणि काकांचं उत्तर द्यायचं राहिलंय, ते इथे देतो. हा जंत गुळाने होत नाही, कुठलाच होत नाही. बागेत माणूस बसला की अंडी मातीत पडतात, ओल आणि सावली मिळाली की एक-दोन दिवसांत अळी बाहेर येते, आठवडाभरात ती माणसाच्या कातडीतून आत शिरायला तयार होते. अनवाणी पाय पडला की आत, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात येते आणि गिळली जाते, मग आतड्यात. म्हणून आधी खाज, मग खोकला. आणि माती खाणं हे रक्त कमी झाल्यामुळे होतं, अशा बाईला मातीची ओढ लागते, एचबी वाढलं की बहुतेक वेळा आपोआप सुटते. वहिनींची सुटली. त्यांना अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि चार महिने लोहाच्या गोळ्या, एवढंच औषध लागलं, फक्त चहाबरोबर लोह घ्यायचं नाही हे बजावून सांगितलं होतं. शिमग्याच्या सुमारास एचबी १०.९ आलं. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांपैकी एकानेही येऊन चुकलो म्हटलं नाही.

आता तुमची शाळेतली गोळी, तीही हीच अल्बेंडाझोल. वर्षातून दोनदा, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला, १ ते १९ वयाच्या सगळ्यांना देतात, २०१५ पासून चालू आहे. न तपासता सगळ्यांना देतात, कारण प्रत्येक पोराचं शौच तपासत बसणं गोळीपेक्षा कितीतरी महाग आणि किचकट, आणि जंत नसलेल्या पोराला ह्या गोळीने सहसा काही होत नाही. चावून खायला सांगा. ज्यांच्या पोटात जंत जास्त असतात त्यांना थोडं मळमळतं, पोट दुखतं, काही तासांत थांबतं, त्यालाच लोक "उष्ण पडली" म्हणतात. त्या दिवशी ताप किंवा आजारपण असेल तर देऊ नका, राहिलेल्यांसाठी नंतर एक दिवस ठेवलेला असतो. वावडिंग द्यायचं तर द्या, गोळीच्या बदल्यात नको. आणि गोळीने प्रतिकारशक्ती येत नाही, तीच माती, तेच अनवाणी पाय असले की सहा महिन्यांत परत जंत, म्हणून दोनदा. पायात चप्पल, संडास वापरणं, हात धुणं ह्याशिवाय नुसत्या गोळीला अर्थ नाही असं माझं ठाम मत आहे. आमच्या काकांनी १२ हजारांचं अनुदान घेऊन संडास बांधला आणि त्यात आजही शेण्या आणि सरपण भरलंय. त्यांच्या सुनेला दम लागतो असं आई परवा फोनवर म्हणाली.

आणि माझी खरी तक्रार अशी की वहिनी तेव्हा २७ वर्षांच्या होत्या. शाळेच्या गोळीत त्या बसतच नाहीत. शेतात सगळ्यात जास्त अनवाणी राबते ती बाई आणि गोळी मिळते १९ पर्यंतच्यांना. हत्तीरोगाच्या मोहिमेत घरोघरी जाऊन मोठ्यांनाही देतात, तसं इतर ठिकाणीही व्हायला हवं.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. माती खाल्ल्याने गोल जंत मात्र होऊ शकतात, अंडी मातीतच असतात, तेव्हा काका त्यात अगदीच चुकीचे नव्हते. आणि प्रत्येक चिखल्या म्हणजे जंत नाही, प्रत्येक कमी एचबी पण नाही. घरात कोणी गरोदर असेल तर पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी नको, पुढे डॉक्टरांना विचारून. मुलीला रात्री शौचाच्या जागी खाज येत असेल तर ते सुतासारखे बारीक जंत, ते मातीतून येत नाहीत, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकदम औषध घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी परत.

तुमच्या सासूबाई शेतात जातात का ते तुम्ही लिहिलं नाहीत. जात असतील तर मुलीच्या गोळीच्याच आठवड्यात त्यांचं एचबी करून घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात पैसे लागत नाहीत, आणि शौचाची डबी सकाळची ताजी न्या.