चाक हातांनी उचलूच नका, फळीवर घ्या

बोरिवलीला सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कॉर्पिओ एनचं चाक स्वतः बदलायचंय, पण कमरेत गॅप आहे आणि चाक स्टडपर्यंत, म्हणजे नट ज्यांवर बसतात त्या आटेदार खिळ्यांपर्यंत, उचलवत नाही, असं तुम्ही विचारलंय.

18 इंची रिमसकट ते चाक 25 ते 30 किलोच्या घरात जातं. वजनापेक्षा घातक असतं ते उकिडवं बसून, हात लांबवून भोकं जुळवत राहणं. माझी कमर मुलुंडला भर पावसात अशीच धरली आणि तीन आठवडे अंथरुणात गेले. तेव्हापासून मी फळी वापरतो.

सुताराकडून तीन फूट लांब, वीतभर रुंद, पाऊण इंच जाड फळी घ्या. एका टोकापासून 11 इंचांवर खालून इंचभर जाडीची पट्टी आडवी ठोका. झाला सी-सॉ. आखूड टोक हबखाली (चाक ज्यावर बसतं त्या स्टडवाल्या भागाखाली) सरकवा, चाक उभंच गडगडवत त्यावर आणा, समोर स्टुलावर बसा आणि लांब टोक पायाने दाबा. टेकूपासून चाक 6 इंचांवर, पाय 24 इंचांवर. म्हणजे 28 किलोच्या चाकाला पायाचा 7 किलोचा जोर पुरतो. दोन्ही हात चाक सावरायला मोकळे राहतात. काढतानाही हीच फळी आधी खाली सरकवा, म्हणजे चाक अंगावर येत नाही.

मात्र जॅक बेताने चढवा. टायरखाली दीड-दोन इंच फट पुरे. बहुतेक जण इथेच चुकतात: गाडी उंच केली की चाकही तितकंच वर न्यावं लागतं.

पुढचा हब हाताने फिरतो, तेव्हा एक स्टड बरोबर वर, घड्याळातल्या 12 च्या जागी आणा. वरचं भोक त्यात अडकवून नट हाताने दोन-तीन आटे फिरवा; चाक तिथे टांगलं गेलं की बाकीची भोकं जुळायला वेळ लागत नाही. मागचा हब हँडब्रेकमुळे फिरत नसेल तर फळीवर चाकच फिरवा. स्कोडा-फोक्सवॅगनवाल्यांना स्टड नसतात, बोल्ट असतात. त्यांनी एम14, 1.5 आट्याचा (14 मिमी जाड, दोन आट्यांत 1.5 मिमी अंतर) लांब बोल्ट डोकं कापून वरच्या भोकात तात्पुरता लावावा.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत रिम हबला गंजून चिकटते. जॅकवरच्या गाडीला लाथा मारून ती सोडवू नका, गाडी घसरेल. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा सैल करा आणि गाडी फूटभर पुढे-मागे हलवा. चाक निघाल्यावर हबचा गंज तारेच्या ब्रशने घासा. स्टडला तेल किंवा ग्रीस अजिबात नको.

पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक खचतात, म्हणून जॅकखाली फूटभर चौरस जाड प्लाय हवाच. बदलायच्या चाकाच्या तिरकस विरुद्ध कोपऱ्यातल्या चाकाला दोन्हीकडून विटा लावा, आणि काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक सटकला तरी गाडी त्यावर टेकेल.

नट एकाआड एक, समोरासमोर आवळा. शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच, टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने). 50 ते 100 किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासा.